पावती देणारा दर्यावर्दी

निवृत्तीनंतर नालासोपाऱ्यात माझा एक नेम आहे. रविवारी सकाळी कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचं. समोरून होड्या जातात, पण शीड क्वचितच दिसतं. सगळीकडे इंजिनाची धडधड.

त्यात माझाही थोडा हात आहे. बँकेत असताना होड्यांच्या इंजिनांसाठीची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर येत. एका म्हाताऱ्या तांडेलाने सही करता करता मला शिडाचं गणित समजावलं होतं. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही. कधी डावीकडून, कधी उजवीकडून वारा घेत नागमोडी पुढे सरकावं लागतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला की बाहेर पडावं, दुपारी समुद्रावरचा खारा वारा घेऊन परतावं. मी मान डोलावली आणि पुढची फाइल ओढली. पुढे कान्होजी आंग्र्यांवर कादंबरी लिहायचं मनात आलं, तेव्हा तो तांडेल पुन्हा आठवला.

कान्होजींचा जन्म साधारण १६६९चा. मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या पदरी होते. सुवर्णदुर्गावर नाव कमावलेल्या कान्होजींना १६९८च्या सुमारास मराठी आरमाराचं सरखेलपद मिळालं. गादीच्या वादात ते आधी ताराबाईंच्या बाजूला होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांकडे वळवलं.

इंग्रजांची जहाजं उंच, जड, तोफांनी भरलेली. खुल्या समुद्रात त्यांना समोरून भिडणं म्हणजे आत्मघातच. कान्होजींच्या गुराबा उथळ बुडाच्या. गलबतं त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की मोठं जहाज जागीच अडकून पडे. मग गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या मागच्या अंगाला नेत, कारण तिकडे त्याच्या तोफा कमी. गुराबांच्या नाळेवरच्या तोफा तिथून मारा करत. डाव उलटला तर खाडी जवळच असे, आणि तिथल्या उथळ पाण्यात जड जहाजाला शिरता येत नसे.

इंग्रज त्यांना दर्यावरचा लुटारू म्हणत. माझ्यातल्या बँकवाल्याला हे कधी पटलं नाही. कोकणच्या समुद्रातून माल न्यायचा तर कान्होजींचं दस्तक घ्यावं लागे. आमच्या वसईवर राज्य करणारे पोर्तुगीजही तेच करत. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रज कंपनीही आपले परवाने देई. लुटारू कधी पावती देत नाही. खरं भांडण समुद्र कोणाचा, याचं होतं.

पण माझी कादंबरी अडली ती १७१२च्या नोव्हेंबरात. मुंबईच्या गव्हर्नराची शिडाची नौका कान्होजींच्या आरमाराने पकडली. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा मुख्य मारला गेला आणि त्याची बायको कैद झाली. १७१३च्या फेब्रुवारीत ३०,००० रुपयांवर तिची सुटका झाली. आपला नायक त्या बाईच्या डोळ्यांनी कसा दिसत असेल, हे मला लिहिता येईना.

१७१७ला विजयदुर्ग, १७१८ला खांदेरी, १७२१ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा, अशा इंग्रजांच्या स्वाऱ्या फसल्या. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले आणि मुलांत भांडणं लागली. परक्यांना जे जमलं नाही, ते घरच्या फुटीने सोपं केलं. १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. ही पानं लिहिणं त्याहूनही जड गेलं. हस्तलिखित अजून कपाटात आहे.

मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१पासून आंग्रे हे नाव आहे. मुंबई बंदरात हौशी मंडळी आजही शिडाच्या होड्यांच्या शर्यती लावतात. तिथेही इंजिन कामाचं नाही. वारा आधी ओळखणारा पुढे जातो.

अलिबागला गेलात की ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जाता ना? मग गावातल्या कान्होजींच्या समाधीपाशीही जाऊन या. आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना वारा कुठून येतोय, तेवढं विचारा.