जॉन डाल्टन

अणुसिद्धांताचा जनक म्हणून विद्यार्थ्यांस परिचित असलेला जॉन डाल्टन इ. स. १७६६ मध्ये इंग्लंडातील ईगल्सफील्ड या खेड्यात एका विणकराच्या घरी जन्मला. बाराव्या वर्षीच तो शाळेत शिकवू लागला.

तरुणपणी त्यास एक नवल आढळले. जिरेनियमचे गुलाबी फूल त्यास दिवसा निळे व मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसे. इतरांस हा पालट दिसत नसे. त्याचा भाऊ तेवढा यास अपवाद होता. आमच्या भंडाऱ्याकडील पळसाचा केशरी भडकाही त्यास आपल्यासारखा दिसला नसता. १७९४ साली मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढे त्याने या दृष्टिदोषाचे वर्णन वाचले. आपल्या डोळ्यांतील द्रव निळा असावा, असा त्याचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, असे त्याने सांगून ठेविले. १८४४ मध्ये तो वारला. द्रव स्वच्छ निघाला. तर्क खोटा ठरला. परंतु जपून ठेविलेल्या नेत्रांशावरून १९९५ साली खरे कारण उमगले : हिरव्या प्रकाशाची जाणीव देणारे द्रव्यच त्याच्या डोळ्यांत नव्हते.

मधमाशीस तांबडा रंग दिसत नाही, पण आपणांस अदृश्य असे अतिनील किरण दिसतात. तेव्हा आपली दृष्टी हेच सृष्टीचे माप नव्हे. स्वतःच्या तर्काची परीक्षा होऊ देण्याची डाल्टनची ही सत्यनिष्ठा विद्यार्थ्यांनी अंगी बाणवावी.