आजचं चिंतन: राजाचा रथ आणि आईचं लेणं



आज आपण धम्मपदातल्या जरावग्गापर्यंत आलो. जरा म्हणजे म्हातारपण. या वग्गात राजाच्या रथाची गाथा आहे. रथ झिजतो, देह झिजतो, धम्म झिजत नाही, असा तिचा भाव. आज ती गाथा एका खऱ्या राजाच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचूया. राजा आपल्याच मातीतला, पैठणचा: गौतमीपुत्र सातकर्णी.

२०१७ साली त्याच्यावर तेलुगू सिनेमा आला, त्यामुळे तुमच्यापैकी काहींना नाव माहीत असेल. बाकीच्यांनी पाडव्याला कॅलेंडरवर शालिवाहन शक हे शब्द तरी वाचलेच असतील. शालिवाहन हे सातवाहन या घराण्याच्या नावाचं लोकांच्या तोंडी बदललेलं रूप. गंमत बघा, शक हे ज्यांचं नाव त्यांच्याशीच हा राजा आयुष्यभर लढला. कालगणना शकांच्या नावाने चालत होती, शालिवाहनाचं नाव तिला कित्येक शतकांनी जोडलं गेलं. आज हरणारा आणि जिंकणारा एकाच ओळीत बसलेत.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. इजिप्तमधून जहाजाने येणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली आहे, तिच्यात पैठणचं, तेरचं आणि आपल्या कल्याण बंदराचंही नाव सापडतं. म्हणजे हा प्रदेश जगाच्या बाजारात होता. पण सातकर्णी गादीवर आला तेव्हा त्याचा मोठा भाग हातातून गेला होता. नाशिक, कार्ले, सोपारा या बाजूला क्षहरात घराण्याच्या नहपानाचं राज्य होतं. त्याचा जावई उषवदात त्याच्या वतीने कारभार बघायचा.

आता उषवदात शत्रू, म्हणून तो वाईट असं समजू नका. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्याने भिक्खूंसाठी लेणं कोरवलं. शिवाय ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्याच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या भिक्खूंना चीवर मिळायचं. विणकर, ठेव, व्याज, कापड! गिरणगावातल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हा हिशेब लगेच कळला असता.

गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला आणि गेलेला मुलूख परत मिळवला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे सापडला. नहपानाच्या चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा ठोकलेला. कितीतरी नाण्यांवर नव्या शिक्क्याखालून जुन्या राजाचा चेहरा अजून डोकावतो.

विजयी राजाने लेण्यांचं काय केलं, हे इथे बघण्यासारखं आहे. इजिप्तमध्ये अखेनातेन नावाचा फॅरो मेल्यावर पुढच्या राजांनी दगडांवरून त्याचं नाव छिन्नीने खरवडून काढलं. नाव पुसलं की मेलेल्या माणसाचं परलोकातलं असणंही संपतं, अशी तिकडची समजूत. त्याच घराण्यातल्या तुतनखामूनचं नाव अबायडोसच्या मंदिरातल्या राजांच्या यादीत घेतलंच नाही. त्याची कबर १९२२ साली सापडली तेव्हा जगाला तो पुन्हा आठवला. आपल्या बीडीडी चाळी बांधल्या गेल्या त्याच दशकात.

त्रिरश्मीवर मात्र हरलेल्या उषवदाताचे लेख आजही जागेवर आहेत. त्याची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या दानाची नोंदही आहे. आणि राज्याच्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने लढाईच्या छावणीतूनच गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला, की पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना द्यावं. राजाचे शिपाई त्या शेतात शिरणार नाहीत, मिठासाठी ते कोणी खणणार नाही, अशा सवलतीही लिहून दिल्या. कार्ल्याच्या भिक्खूंना उषवदाताने करजिक गाव दिलं होतं, ते सातवाहनांनीही त्यांच्याकडेच ठेवलं. राजा बदलला, भिक्खूंचं दान थांबलं नाही.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. सहा वर्षं गेली. २४ व्या वर्षी त्याच लेण्याच्या भिंतीवर दुसरा हुकूम कोरला गेला. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने आहे. त्यात मोकळेपणाने नोंदलंय की दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गाव ओस पडलंय. म्हणून नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतली १०० निवर्तनं भिक्खूंना द्यावीत.

थोडं थांबून विचार करा. कागदावर जमीन मिळाली आणि हातात काहीच आलं नाही, हे दुःख चाळीतल्या माणसाला वेगळं समजावायला नको. इथे राजाचं दान फुकट गेलं होतं. ते भिंतीवर कबूल करून, नवी जमीन देऊन त्याने ते पुरं केलं. दान दिलं म्हणजे संपलं असं नसतं. ते पोचलं का, कोणाच्या पोटापर्यंत गेलं का, हे बघणं हाही दानाचाच भाग.

या दुसऱ्या हुकुमात राजमातेला जीवसुता म्हटलंय. म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे ती.

ही राजमाता म्हणजे गौतमी बलश्री. गौतमीपुत्र हे नाव तिच्यावरूनच. या घराण्यातले राजे आईचं नाव आधी लावायचे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी, म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. गादी बापाकडून मुलाकडेच जायची, पण ओळख सांगताना आई पहिली यायची.

मग तो दिवस आला की जीवसुता हे विशेषण तिला लावता येईना. मुलगा गेला. आई मागे राहिली. नातू पुळुमावी राज्य करू लागला. त्याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, उन्हाळ्यात, म्हाताऱ्या बलश्रीने त्रिरश्मीवरचं ते मोठं लेणं भद्रायणीय भिक्खुसंघाला दान दिलं आणि व्हरांड्याच्या भिंतीवर एक लांबलचक लेख कोरवून घेतला. मुलाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या लेखातून आलंय.

लेखात त्याच्या राज्यातल्या प्रदेशांची यादी आहे: असिक, अश्मक, मूलक, सौराष्ट्र, अपरान्त, विदर्भ आणि आणखी काही. शक, यवन, पल्हव यांना त्याने हरवलं, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं वर्णन आहे. राजांच्या लेखात असलं येतंच. पण मधूनच आई बोलते. त्याचा चेहरा उमललेल्या कमळासारखा होता. तो आईची सेवा करायचा. प्रजेच्या सुखदुःखात वाटेकरी व्हायचा. कर धर्माने घ्यायचा. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला त्याला आवडायचं नाही. लढायांची यादी सैन्यातल्या कुणीही सांगितली असती, चेहरा मात्र आईच्याच लक्षात राहतो.

पुळुमावीने आजीच्या मनासाठी त्या लेण्याला एक गाव दिलं आणि त्याचं पुण्य आपल्या वडिलांच्या नावे केलं. आजी, मुलगा, नातू, तिन्ही पिढ्या एका भिंतीवर आल्या.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट आहे, ती गाळून पुढे जाणं बरोबर नाही. चार वर्णांची सरमिसळ त्याने थांबवली, हाही गुण म्हणूनच सांगितलाय. आपल्यासारख्यांना हे वाचताना टोचतं, टोचायलाच हवं. द्विजांबरोबर खालच्या लोकांचीही कुटुंबं त्याने वाढवली, असंही तिथेच कोरलंय. भिक्खूंना शेत देणारा राजा आणि वर्णाची चौकट सांभाळल्याबद्दल गौरवला गेलेला राजा हा एकच माणूस. त्याचा फोटो हार घालून भिंतीवर लावायची घाई नको, आणि त्याने केलेलं चांगलं नाकारायचीही गरज नाही. बुद्धांनी पारखून घ्यायला सांगितलं, ते राजांनाही लागू.

पुढे वैऱ्यांशी सोयरीकही झाली. इसवी सन १५० च्या जुनागढच्या लेखात क्षत्रप राजा रुद्रदामन सांगतो की त्याने सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याचा नाश केला नाही. आपल्या बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत एका सातवाहन राणीचा उल्लेख आहे, ती क्षत्रपांची मुलगी. तिच्या अमात्याने तिथे पाण्याचं टाकं दान दिलं. लढायांचं पुढे काहीही होवो, टाक्यातलं पाणी तहानलेल्याला मिळालं.

मग शतकं गेली. ब्राह्मी लिपी वाचणारं कोणी उरलं नाही. लेणी पांडवांची झाली, बलश्रीचं दुःख भिंतीवर होतं पण मुकं होतं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांनी नाशिकचे लेख वाचले, तेव्हा ती आई पुन्हा बोलू लागली. सातकर्णीचा रथ कुठेच नाही. राजवाडाही नाही. भिक्खूंना दिलेलं लेणं आहे.

नाशिकला गेलात तर लेणं क्रमांक ३ नक्की बघा. सहा यक्ष आपल्या खांद्यांवर पुढचा भाग पेलून जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात. आत चाळीतल्या खोल्यांसारख्या ओळीने भिक्खूंच्या कोठड्या. व्हरांड्यात उभं राहून आधी २४ व्या वर्षाचा लेख शोधा, मग आजीचा. दोन्ही एकाच व्हरांड्यात आहेत. मधे एका आईचा मुलगा गेलेला आहे.

वरळीतल्या आपल्या चाळी आता उतरताहेत. १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून लोक टॉवरमध्ये जाताहेत. सामान बांधताना आजी-आजोबांचे फोटो आधी गुंडाळले जातात. त्यांचं नाव कसं राखायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. बलश्रीने ते कसं केलं ते आज आठवा.

आजचा सराव: गेलेल्या एका माणसाच्या नावाने आज काहीतरी द्या. एखाद्या मुलाची वही, अभ्यासिकेला पुस्तक, विहाराला पाण्याचा माठ, जे जमेल ते. आणि महिन्याभराने जाऊन बघा, ते वापरात आहे का. नसेल तर दुसरं द्या.

उद्या जरावग्ग पूर्ण करू.

भवतु सब्ब मंगलं.