सर ऑलिव्हर लॉज

इंग्लंडात भांड्यांच्या कारखान्यांना माती विकणाऱ्या व्यापाऱ्याचा हा मुलगा, जन्म १८५१. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, वडिलांच्या धंद्यात शिरावे लागले. (आम्हां कॉमर्सवाल्यांना हे वाचून बरे वाटते!) पण ओढा पदार्थविज्ञानाकडे, पुढे लिव्हरपूलला प्राध्यापक झाले.

त्या काळी बिनतारी संदेश एकमेकांत मिसळत. १८९७ मध्ये लॉजनी तोड काढली. एरियल आखूड असले तर त्याला तारेचे वेटोळे जोडावे. मग ते लांब लहरीशी जुळते. लहरींचा पट्टा मात्र अरुंद होतो. लॉजना तेच हवे होते, कारण मग शेजारचा संदेश आत घुसत नाही.

व्यापार मार्कोनींनी केला; तरी १९११ मध्ये पेटंटची मुदत वाढल्यावर त्यांच्या कंपनीला ते विकत घ्यावे लागले.

१९१५ मध्ये धाकटा मुलगा रेमंड लढाईत पडला. त्याचे संदेश आपणांस येतात, असे लॉज १९४० साली मृत्यू येईपर्यंत मानीत राहिले.