जॉन जेकब ॲस्टर

जॉन जेकब ॲस्टर (जन्म : वालडॉर्फ, जर्मनी, १७ जुलै १७६३, मृत्यू : न्यू यॉर्क, २९ मार्च १८४८) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन व्यापारी आणि स्थावर मालमत्तेचे गुंतवणूकदार होते. फरच्या व्यापारात मिळवलेला पैसा त्यांनी मॅनहॅटन बेटावरील जमिनीत गुंतवला. मृत्युसमयी ते अमेरिकेतील सर्वांत धनाढ्य गृहस्थ मानले जात. वाढत्या शहराच्या सीमेबाहेरची जमीन स्वस्तात घेणे, ती न विकता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे आणि शहर तिथवर येण्याची वाट पाहणे ही त्यांच्या व्यवहाराची मुख्य रीत होती.

प्रारंभिक जीवन

ॲस्टर यांचा जन्म हायडेलबर्गजवळील वालडॉर्फ या गावी एका खाटकाच्या कुटुंबात झाला. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून ते लंडनला गेले आणि वाद्ये बनवणारे आपले थोरले बंधू जॉर्ज यांच्या हाताखाली काम करू लागले. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपताच, नोव्हेंबर १७८३ मध्ये ते जहाजाने अमेरिकेस निघाले. विक्रीसाठी त्यांनी सात बासऱ्या सोबत घेतल्या होत्या. चेसापीक उपसागरात जहाज बर्फात अडकून पडले आणि मार्च १७८४ मध्ये ते बाल्टिमोरला उतरले. या प्रवासात एका सहप्रवाशाकडून त्यांना फरच्या व्यापाराची माहिती मिळाली, असे सांगितले जाते.

न्यू यॉर्कमध्ये त्यांचे दुसरे बंधू हेन्री यांचा मांसविक्रीचा धंदा होता. त्यांच्या आधाराने ॲस्टर तेथे स्थिरावले आणि फरची पारख शिकले. १७८५ मध्ये त्यांचा विवाह सारा टॉड यांच्याशी झाला. सारा यांनी सोबत ३०० डॉलर आणले. त्यांच्या आईच्या खानावळीच्या घरातच ॲस्टर यांचे वाद्यांचे दुकान सुरू झाले. पती फर खरेदीसाठी अरण्यप्रदेशात फिरत असताना सारा दुकान सांभाळत. फर पारखण्यात त्या पतीपेक्षाही निपुण होत्या, असा त्यांचा लौकिक होता.

व्यापार

१७९४ च्या जे करारामुळे कॅनडाशी होणारा व्यापार सुलभ झाला व ॲस्टर यांना माँट्रियलचा माल थेट न्यू यॉर्कला आणता येऊ लागला. १८०० पासून त्यांनी चीनमधील कँटन बंदराशी व्यापार सुरू केला. जाताना फर आणि येताना चहा व रेशीम असा हा दुहेरी नफ्याचा व्यवहार होता. १८०८ मध्ये त्यांनी अमेरिकन फर कंपनी स्थापन केली. पॅसिफिक किनाऱ्यावर कोलंबिया नदीच्या मुखाशी १८११ मध्ये वसवलेले ॲस्टोरिया हे ठाणे मात्र इंग्लंडशी सुरू झालेल्या युद्धामुळे १८१३ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीला विकावे लागले. १८१६ मध्ये त्यांनी तुर्कस्तानातील अफू चीनला पाठवली होती. हा त्यांच्या कारकिर्दीतील आक्षेपार्ह भाग मानला जातो. १८३४ मध्ये ते फरच्या व्यापारातून निवृत्त झाले.

जमिनीतील गुंतवणूक

ॲस्टर यांनी १७८९ मध्ये बावरी भागातील दोन भूखंड आपले बंधू हेन्री यांच्याकडून विकत घेतले. जमिनीतील त्यांचा प्रवेश असा छोट्या आणि घरातल्याच व्यवहाराने झाला. मोठी खरेदी सुरू झाली ती १८०० नंतर, कँटनच्या व्यापाराचा नफा हाती आल्यावर. १८१९ पर्यंत त्यांनी मॅनहॅटनमधील जमिनीत सुमारे ७ लाख डॉलर गुंतवले. हा पैसा मुख्यतः व्यापारातील शिलकीचा असल्यामुळे जमीन घाईने विकण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

१८०३ मध्ये त्यांनी सुमारे ७० एकरांची एक शेतजमीन २५,००० डॉलरना घेतली. ब्रॉडवेपासून पश्चिमेकडे हडसन नदीपर्यंत, आजच्या ४२ व्या ते ४६ व्या रस्त्यांच्या दरम्यान ती पसरली होती. त्या वेळी तेथे शेती होती. आजच्या टाइम्स स्क्वेअरचा परिसर याच भागात आहे. याच सुमारास कर्जात बुडालेले उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्याकडून त्यांनी ट्रिनिटी चर्चच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचा हक्क विकत घेतला. या पट्ट्याची मुदत १८६६ पर्यंत होती. तेथील टेकडी पुढे सपाट करण्यात आली, तिच्यावरील रिचमंड हिल हा वाडा सरकवून खाली आणला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेचे भूखंड पाडण्यात आले.

चरित्रकारांनी नोंदवलेल्या एका कथेनुसार ॲस्टर यांनी वॉल स्ट्रीटजवळचा एक भूखंड ८,००० डॉलरना विकला. काही वर्षांत त्याची किंमत १२,००० होईल, असे खरेदीदाराने सुचवले. ते मान्य करून ॲस्टर यांनी सांगितले, की याच ८,००० डॉलरांत आपण कॅनॉल स्ट्रीटच्या पलीकडे ८० भूखंड घेणार आहोत आणि तोवर त्यांची किंमत ८०,००० झालेली असेल. या कथेतून त्यांचे धोरण स्पष्ट होते. भाव चढलेल्या भागात विक्री आणि शहर अद्याप न पोचलेल्या भागात खरेदी असे ते धोरण होते.

भाडेपट्टे आणि गहाणखते

घेतलेल्या मोकळ्या जमिनीवर ॲस्टर स्वतः क्वचितच इमारती बांधत. भूखंड बहुधा २१ वर्षांच्या पट्ट्याने दिला जाई. घर बांधण्याचा खर्च आणि कर भाडेकरूने सोसावयाचे असत. मुदत संपल्यावर पट्ट्याचे नूतनीकरण होई किंवा इमारतीसह जागा मालकाकडे परत येई. यामुळे भांडवल न गुंतवता उत्पन्न मिळे आणि जमिनीच्या वाढलेल्या भावाचा लाभ मालकाकडेच राही. त्यांनी स्वतः उभारलेल्या वास्तूंपैकी ब्रॉडवेवरील, १८३६ मध्ये सुरू झालेले ॲस्टर हाउस हे हॉटेल विशेष प्रसिद्ध होते.

जमीन गहाण ठेवून ते कर्जही देत. १८३७ च्या आर्थिक मंदीत बँका बुडाल्या आणि जमिनीचे भाव कोसळले. कर्ज काढून जमिनी घेतलेले अनेक जण हप्ते भरू शकले नाहीत. हाती रोकड असलेल्या ॲस्टर यांनी या काळात गहाण मालमत्ता वसुलीत ताब्यात घेतल्या आणि पडत्या भावात आणखी खरेदी केली.

पटनम परगण्याचा वाद

न्यू यॉर्क राज्यातील पटनम परगण्यातील सुमारे ५१,००० एकर जमीन पूर्वी रॉजर मॉरिस व त्यांच्या पत्नी मेरी फिलिप्स यांच्याकडे होती. ते इंग्लंडच्या बाजूचे असल्याने स्वातंत्र्ययुद्धात राज्याने ती जप्त करून शेतकऱ्यांना विकली. परंतु विवाहाच्या वेळच्या करारनाम्यानुसार पतिपत्नींना केवळ हयातीपुरता हक्क होता. त्यांच्या मुलांचा वारसाहक्क जप्तीत गेला नव्हता. १८०९ मध्ये ॲस्टर यांनी तो हक्क २०,००० पौंडांना घेतला. यामुळे राज्याकडून रीतसर जमीन घेऊन ती कसणारी शेकडो कुटुंबे अडचणीत आली. दीर्घ वादानंतर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १८३० मध्ये ॲस्टर यांच्या बाजूने लागला. राज्याने ५ लाख डॉलरचे रोखे देऊन त्यांचा हक्क विकत घेतला. शेतकऱ्यांच्या जमिनी वाचल्या, पण भार जनतेच्या तिजोरीवर पडला.

मृत्यू, वारसा आणि मूल्यमापन

ॲस्टर यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांची मालमत्ता सुमारे २ कोटी डॉलर होती. तिचा बहुतांश भाग त्यांचे पुत्र विल्यम बॅकहाउस ॲस्टर यांना मिळाला. सार्वजनिक ग्रंथालयासाठी ४ लाख आणि वालडॉर्फमधील गोरगरिबांसाठी ५० हजार डॉलरची तरतूद मृत्युपत्रात होती. हे ॲस्टर ग्रंथालय १८९५ मध्ये न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात विलीन झाले. वालडॉर्फ ॲस्टोरिया या हॉटेलाच्या नावात त्यांचे जन्मगाव आणि कुलनाम टिकून आहे. टायटॅनिक दुर्घटनेत १९१२ मध्ये मरण पावलेले जॉन जेकब ॲस्टर चौथे हे त्यांचे पणतू होत.

मृत्युपत्र प्रसिद्ध होताच त्यावर टीका झाली. न्यू यॉर्क हेराल्ड या वृत्तपत्राने अशी भूमिका मांडली, की या संपत्तीचा निम्मा भाग शहरवासीयांचा आहे, कारण तिचे मोल त्यांच्या श्रमाने आणि उद्योगाने वाढले. या टीकेला आधार होता. १८०० मध्ये सुमारे ६० हजार असलेली मॅनहॅटनची लोकसंख्या १८५० मध्ये ५ लाखांवर गेली. १८११ चा रस्त्यांचा आराखडा आणि १८२५ मध्ये पूर्ण झालेला ईरी कालवा ही सार्वजनिक कामे होती. पुढील पिढ्यांच्या काळात ॲस्टर घराण्याच्या जमिनींवर मध्यस्थ भाडेकरूंनी दाटीवाटीच्या चाळवजा इमारती उभ्या केल्या आणि त्यांतून गरीब स्थलांतरितांची परवड झाली.

ॲस्टर यांची दूरदृष्टी, चिकाटी आणि कर्जापासून अलिप्त राहण्याची शिस्त सर्वमान्य आहे. शहर कोणत्या दिशेने वाढणार, हे त्यांनी अचूक ओळखले. ते वाढवणाऱ्यांच्या वाट्याला त्या वाढीतून काय आले, हा त्यांच्या चरित्राने उपस्थित केलेला प्रश्न शहरी जमिनीच्या चर्चेत आजही महत्त्वाचा आहे.