डॉ. विल्यम ओ'शॉनेसी आणि लघवीचा धडा

वर्गात लघवीचा विषय निघाला की पोरं खुदुखुदु हसतात. तेव्हा मी ही गोष्ट सांगतो.

ओ'शॉनेसी मूळचे आयर्लंडचे, जन्म १८०९ चा. १८३१ मध्ये इंग्लंडात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा वयाच्या २२ व्या वर्षी ते सुंदरलंडला गेले आणि रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी नि क्षार घटलेले होते. ज्यांची लघवीच बंद झालेली, त्यांच्या रक्तात युरिया सापडला. म्हणजे लघवीतून बाहेर जायचं ते आतच अडकलं. गेलेलं पाणी आणि क्षार परत द्या, असं त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या डॉ. थॉमस लाट्टांनी शिरेतून मिठाचं पाणी दिलं, काही रोगी वाचलेही. तरी सलाईन रूढ व्हायला कित्येक दशकं गेली. तोवर किती माणसं गेली असतील!

ते स्वतः १८३३ मध्ये कलकत्त्याला आले, मग तारेच्या कामात रमले. १८५४ मध्ये आग्रा-मुंबई तार त्यांच्याच देखरेखीखाली जोडली गेली. १८८९ मध्ये ते वारले.

आता लॅबमध्ये लघवीचं विशिष्ट गुरुत्व मोजतात, साधारण १.००५ ते १.०३०. आकडा वरच्या टोकाला, म्हणजे बहुधा शरीरात पाणी कमी, मूत्रपिंड ते राखून ठेवतंय. घरी रंग बघितला तरी अंदाज येतो. नागऱ्याच्या एप्रिलात सकाळच्या शाळेत, लघवी गडद पिवळी होते का रे, असं मी पोरांना सरळ विचारतो.