गुरू आणि शिष्या

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. संस्कृत विद्या त्यांना आईवडिलांकडून लाभली. तिच्या बळावर कलकत्त्याच्या विद्वानांकडून त्यांनी ‘सरस्वती’ ही पदवी मिळविली. परंतु १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्रियांची बाजू मांडताना त्यांनी मराठीत दिलेली साक्ष इंग्रजीत उतरवावी लागली. इंग्रजी त्यांना अद्याप नीट अवगत नव्हती.

त्याच वर्षी पतीचे निधन झाले होते. पदरी लहानगी मनोरमा होती. तरीही वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. भगिनींना त्या मराठी शिकवीत व त्यांच्याकडून इंग्रजी शिकत.

पण रमाबाईंना कमी ऐकू येई. त्यामुळे वैद्यकीची आशा सोडावी लागली. ज्याच्या कानी शब्द नीट पडत नाहीत, त्याने परभाषा आत्मसात करणे किती दुष्कर! तथापि रमाबाई खचल्या नाहीत. १८८४ साली चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजीचे अध्ययन करू लागल्या. एकाच वास्तूत त्या गुरूही होत्या आणि शिष्याही.

पुढे अमेरिकेत १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांची दुःस्थिती सांगणारा ग्रंथ स्वतः इंग्रजीत लिहिला. तेथील लोकांची अंतःकरणे हेलावली आणि साहाय्य मिळाले. त्यातूनच १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उभे राहिले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या. त्यांनी कष्टाने मिळविलेली परभाषा निराधार भगिनींचा आधार झाली.