जॉर्ज बीचम : विजेच्या गिटारीचा जनक

सतारीचा भोपळा काढून टाकला, तर नुसत्या तारेचा झंकार शेजारी बसलेल्या माणसासही नीट ऐकू येणार नाही. स्वर तारेच्या अंगी असतो; परंतु त्यास बळ देण्याचे काम वाद्याची पोकळ काया करीत असते. ही पुरातन व्यवस्था मोडून तारेचा स्वर थेट विजेच्या हाती देणारा पुरुष म्हणजे जॉर्ज बीचम होय. त्याचे चरित्र, हाताने काही करून पाहण्याची हौस असलेल्या विद्यार्थ्यांस विशेष बोधप्रद वाटेल.

जॉर्जचा जन्म इ. स. १८९९ साली अमेरिकेतील टेक्सास संस्थानात झाला. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी दांडी फिरविण्याची जी हवाई बेटांतील रीत आहे, तीत त्याने प्रावीण्य मिळविले. खेळ करणाऱ्या मंडळींबरोबर फिरून तो लॉस एंजेलिस शहरी स्थायिक झाला. परंतु एक दुःख त्यास सारखे बोचत असे. पितळी वाद्यांच्या गजरात त्याची गिटार बुडून जाई; बोटे श्रमत, पण श्रोत्यांपर्यंत काहीच पोचत नसे.

प्रथम त्याने वाद्याची कायाच बदलून पाहिली. जॉन डोपयेरा नामक कुशल कारागिराने अॅल्युमिनियमचे पातळ शंकू बसवून धातूची गिटार सिद्ध केली व १९२८ साली ‘नॅशनल’ नावाची कंपनी उभी राहिली. आवाज वाढला खरा, पण भागीदारांत कलह माजला. डोपयेरा निघून गेला आणि १९३१ साली खुद्द बीचमलाही कंपनीतून दूर करण्यात आले.

तथापि तो हताश होऊन बसला नाही. विद्युच्छास्त्र शिकण्यासाठी तो रात्रीच्या वर्गास जात असे आणि घरी जेवणाच्या मेजावर प्रयोग मांडीत असे. त्याने एका फळीवर एकच तार ताणून बसविली व तीखाली नाना प्रकारची वेटोळी ठेवून पाहिली. लोहचुंबकाच्या प्रभावक्षेत्रात बदल घडला, की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ सालीच सिद्ध केले होते. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली, म्हणजे असाच बदल घडतो. तारेची कंपने जशी, तशीच विजेची स्पंदने उठतात, आणि ध्वनिवर्धक त्यांस पुन्हा नादाचे रूप देतो. वेटोळे गुंडाळण्यासाठी बीचमने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर कामास लावली. अनेक महिन्यांच्या खटपटीनंतर, तारांना कवेत घेणारे दोन नालाकृती चुंबक व प्रत्येक तारेखाली एक लोखंडी खुंटी, अशी रचना सिद्ध झाली. हाच गिटारीचा आद्य यशस्वी चुंबकीय ध्वनिग्राहक. यास सर्वत्र ‘पिकअप’ म्हणतात.

हॅरी वॉटसन या कारागिराने कानस व रंधा चालवून थोड्याच तासांत लाकडी गिटार घडविली. वाटोळे पोट व लांब दांडी पाहून लोकांनी तिचे नाव ‘तळणीचा तवा’ असे पाडले! अॅडॉल्फ रिकेनबॅकर याच्या साहाय्याने १९३२ साली ती अॅल्युमिनियमची बनवून विक्रीस काढण्यात आली. परंतु काळ महामंदीचा होता. शिवाय हे यंत्र खरोखर चालते काय, अशी पेटंट कचेरीस शंका आली. ती फेडण्यासाठी वादकांना राजधानीत पाठवून गिटार वाजवून दाखवावी लागली. अखेर १० ऑगस्ट १९३७ रोजी पेटंट मिळाले, तोपर्यंत अन्य कारखानदारांनी विजेच्या गिटारी बाजारात आणल्या होत्या. १९४० साली बीचमने आपला हिस्सा विकला आणि १९४१ साली समुद्रावर मासेमारीस गेला असता हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

धन व कीर्ती यांचा मोठा वाटा त्यास लाभला नाही. मात्र त्याची युक्ती जगभर पसरली. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले व हजारासिंग यांनी विजेची हवाई गिटार वाजवून लोकप्रियता मिळविली. आजही पिकअपचे मर्म तेच आहे. म्हणूनच युसूफ वडगावासारख्या गावी राहणाऱ्या हौशी विद्यार्थ्यासही त्याची निगा घरी राखता येते. मीटर लावून वेटोळ्याचा रोध मोजावा. बहुधा तो पाच ते पंधरा हजार ओहम भरतो. मीटर काहीच रोध न दाखवता मार्ग खुंटल्याचे दर्शवीत असेल, तर तार तुटली असे समजून प्रथम डाग दिलेल्या जागा तपासाव्या. वेटोळ्याची तार केसाहूनही बारीक असते, म्हणून हात हलका हवा. चुंबकास चिकटलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीने टिपून घ्यावा. पिकअप तारांच्या फार जवळ आणू नये, कारण चुंबकाच्या ओढीने स्वर बिघडतो. शीळ घुमू लागल्यास वेटोळे वितळलेल्या मेणात भिजवितात. पण मेणाचे भांडे गरम पाण्यात ठेवूनच तापवावे, उघड्या जाळावर कदापि नव्हे, आणि हे काम वडील माणसांच्या देखरेखीखाली करावे.

विद्यार्थिमित्रहो, बीचमपाशी प्रयोगशाळा नव्हती व मोठी पदवीही नव्हती. एक मेज, एक फळी, एक तार आणि न कंटाळणारे मन एवढेच त्याचे भांडवल होते. वाद्य लहान आवाजाचे आहे म्हणून रुसून न बसता, त्याचा आवाज कोठे अडतो हे त्याने शोधले. घरातील बंद पडलेली वस्तू टाकून देण्यापूर्वी तिचे मर्म जाणून घेण्याची एवढी सवय आपण लावून घेतली, तरी हे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले.